किल्लीची पाळी

ईस्टरच्या पहाटे आमच्या देवळाची किल्ली माझ्या कोटाच्या खिशात होती, आणि कोट देवळाली कॅम्पात रफूगराकडे होता.

मूर्खपणाच्या बाबतीत मी कधी हात आखडता घेतलेला नाही. पण एरवी त्याचे फटके मीच खाल्ले. त्या दिवशी ते दुसऱ्याच कुणावर तरी पडले, आणि याकोब मास्तर दोन पावलांवर उभे राहून बघत होते. म्हणून मास्तरांविषयी लिहायचं म्हटलं की मला आधी तो कोट आठवतो.

याकोब मास्तर नाशिकच्या आमच्या मिशन वस्तीतल्या शाळेचे हेडमास्तर. उंच, किडकिडीत, डोक्यावर काळी टोपी, काखेत छत्री. वस्ती त्यांना पाठीमागे 'लेवी मास्तर' म्हणायची. लेवी म्हणजे प्राचीन इस्राएलातला तो वंश, ज्याला जमिनीचा वाटा मिळाला नाही, मंदिराची चाकरी मिळाली. त्यांच्यात कामं वाटलेली होती. कुणी दारं राखायची, कुणी झांजा वाजवून गायचं, कुणी तव्यावर अर्पणाच्या भाकरी भाजायच्या, कुणी भांडी मोजून बाहेर काढायची आणि मोजून आत ठेवायची. यरुशलेमेतलं ते मंदिर पडून अठराशेच्या वर वर्षं झाली होती, पण मास्तरांच्या बोलण्यात त्याचं कामकाज अजून बंद पडलेलं नव्हतं. ते सगळं 'हातां'त मोजायचे. कापडवाल्याचा गज बाजूला सारून कोपरापासून बोटांपर्यंत आपला हात ताग्यावर ठेवायचे. दुकानदार कुरकुरला तर म्हणायचे, "या मापानं देवाचं घर बांधलं गेलं, तुझं धोतर होणार नाही?"

त्या शाळेत मास्तर म्हणून लागलो त्या पहिल्याच दिवशी मी त्यांच्या तावडीत सापडलो. ते व्हरांड्यात बसले होते आणि समोरच्या फरशीवर खडूच्या रेघाच रेघा होत्या. मला वाटलं, पोरांनी काहीतरी खेळ मांडलाय. मी तरातरा रेघांवरून चालत गेलो आणि वाकून नमस्कार केला.

"थांबा," मास्तर म्हणाले. "तुम्ही बाहेरचं अंगण ओलांडलंत. याजकांचं अंगण ओलांडलंत. आणि आता परमपवित्र स्थानात वहाणा घालून उभे आहात. तिथं वर्षातून एकदा जातात, आणि एकच माणूस जातो."

"मग मी आता काय करू, सर?"

"बाहेर या. आल्या वाटेनं या. रेघा पुसू नका."

मी घाबरून सरळ बाजूला उडी मारली. मास्तरांनी वाकून फरशी बघितली. "पश्चिमेच्या रस्त्यावर चार पहारेकरी होते," ते म्हणाले. "चारही तुमच्या टाचेखाली गेले."

देवळातली सेवासुद्धा त्यांनी लेव्यांच्याच रीतीनं लावून दिली होती. लेव्यांच्या पाळ्या चोवीस. आमच्या वस्तीत घरं सत्तावीस. मास्तरांनी तीन घरं शेजारच्या घरांना जोडून दिली आणि चोवीसचा आकडा बसवला. दर आठवड्याला चार कामं होती. एका घराकडे दार, एकाकडे दिवे, एकाकडे प्रभुभोजनाची भाकर, एकाकडे गाणं. कोणाला कधी काय, हे वर्षाच्या सुरुवातीला ठरायचं चिठ्ठ्यांवर. एका पितळी लोट्यात घराघरांच्या चिठ्ठ्या असत, आणि चिठ्ठीवर घरातल्या एकेकाचं नाव पाळीपाळीनं येई, बाई असो की पुरुष. लहान-थोर, गुरू-शिष्य सगळे एकाच लोट्यात, कारण लेव्यांनीही तसंच केलं होतं. चिठ्ठी वस्तीतल्या माणसानं काढायची नाही, पाहुण्यानं काढायची. ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी पाहुणाच नव्हता, तर मास्तरांनी रस्त्यानं चाललेल्या एका लुगडी विकणाऱ्या मालेगावच्या विणकराला हाताला धरून आत आणलं. त्या भल्या माणसानं डोक्यावरचं गाठोडं उतरवलं, 'बिस्मिल्ला' म्हणून लोट्यात हात घातला आणि एकामागून एक चिठ्ठ्या काढून दिल्या. तो लोटा कुणाच्या घरी राहायचा, तेसुद्धा चिठ्ठीनंच ठरे.

ज्या दिवशी मास्तरांना पन्नास वर्षं पुरी झाली, त्या दिवशी त्यांनी आपली स्वतःची चिठ्ठी लोट्यातून काढून टाकली. लेवी पन्नाशीला कामातून बाजूला व्हायचा. पुढं त्यानं भावांच्या शेजारी उभं राहायचं, ओझं उचलायचं नाही.

मी म्हटलं, "सर, तुम्ही अजून खणखणीत आहात."

"शास्त्रात वय दिलंय," मास्तर म्हणाले. "तब्येत दिलेली नाही."

त्या दिवसापासून त्यांनी ना दिवा लावला, ना किल्लीला हात लावला. कुणी काही पुढं केलं की दोन्ही हात पाठीमागे जायचे आणि ठरलेलं वाक्य यायचं, "माझी पाळी नाही."

आता सगुणाबाई. त्या चांदवडकडच्या, विधवा. सुनेला घेऊन वस्तीच्या अगदी टोकाला राहायच्या आणि मिशनच्या दवाखान्यात झाडलोट करायच्या. त्यांच्या घराची चिठ्ठी लोट्यात पहिल्यांदाच पडली होती, आणि त्या विणकराच्या हाताला त्यांच्या नावानं नेमका ईस्टरचा आठवडा आला. काम, दार.

वस्तीत कुजबूज सुरू झाली. धर्म बदलून आमच्या दोन-दोन पिढ्या झाल्या होत्या, पण पंगतीत कोण कुणाशेजारी बसतो ते बदललेलं नव्हतं. त्या वर्षांत नाशकात हिंदूंच्या मोठ्या देवळाच्या बंद दाराबाहेर, आत यायला मज्जाव असलेली माणसं सत्याग्रहाला बसलेली असायची. आम्ही त्यांना येता-जाता बघायचो, हळहळायचो आणि घरी येऊन आपापल्या पंगतीला बसायचो.

मंडळीच्या पंचांत भास्करराव मुख्य. भारदस्त माणूस, आवाज त्याहून भारदस्त. त्यांनी बैठक बोलावली. मी टिपणं घ्यायला कोपऱ्यात.

"मास्तर, दारात कोण उभं आहे ते बघून माणूस आत येतो," भास्करराव म्हणाले.

"म्हणूनच बाईंना उभं राहू द्या," मास्तर म्हणाले.

"शास्त्र मलाही येतं. तुमचे लेवी काही रस्त्यावरून उचललेले नव्हते. वंश बघून नेमलेले होते."

मास्तरांनी छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. भास्कररावांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. मास्तर म्हणाले, "होय, वंश बघून. पण दार कोणत्या वंशाला दिलं? कोरहाच्या. जो बंड करून जमिनीत गडप झाला, त्याच्या पोरांना. आणि त्यांच्याबरोबर एक गथ गावचा उपरा होता. कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांची पेटी, घरात ठेवून घ्यायला सगळे भीत होते, तेव्हा त्यानं तीन महिने ठेवून घेतला. त्याला पुढं दारावर उभं केलं. भास्करराव, मागच्या पटकीत दवाखान्यात आत कोण होतं आणि फाटकाबाहेर कोण होतं?"

भास्कररावांचे कान लाल झाले.

"ठीक," ते म्हणाले. "ईस्टर होऊ द्या. त्या दिवशी दार, दिवे, भाकर, गाणं, यातली एक पाळी जरी चुकली, तरी लोटा पंचांकडे जमा. चिठ्ठ्या कायमच्या बंद. दरवान आम्ही नेमू, गाणारेही आम्ही निवडू."

"कबूल," मास्तर म्हणाले.

मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की बाबांनो, ईस्टरच्या आधीच्या आठवड्याची किल्ली माझ्याकडे आहे, असली अट घालू नका. पण टिपणं घेणाऱ्याला कोण विचारतो?

किल्लीचा नियम साधा होता. शनिवारी संध्याकाळी जुन्यानं नव्याच्या हातात किल्ली द्यायची आणि देवळाच्या ओट्यावरच्या पाटीवर 'दिली' असं लिहायचं. आधी द्यायची, मग लिहायचं. मी त्या शनिवारी सकाळीच पाटीवर झोकदार अक्षरात लिहून टाकलं, 'किल्ली सगुणाबाईंस दिली.' म्हटलं, संध्याकाळचा एक हेलपाटा वाचला. किल्ली त्यांच्या घरी जाताजाता देऊ.

मग मी सायकलवर टांग मारून देवळालीला गेलो. ईस्टरच्या सकाळी शास्त्रपाठ वाचायचं काम माझ्याकडे होतं, आणि माझ्या कोटाचं कोपर फाटलेलं. कॅम्पातल्या एका मित्राचा निळा सर्जचा कोट मागून घेतला. बाह्या दोन बोटं आखूड होत्या, पण निळा रंग मला खुलतो असा तेव्हा माझा समज होता. माझा कोट तिथल्याच कादरभाई रफूगराकडे टाकला आणि रुबाबात परतलो. येताना देवळावरून आलो, पाटी बघितली. 'दिली' असं लिहिलेलं होतं. माझी माझ्या अक्षरावर एवढी श्रद्धा, की दिली असणारच, असं मी धरून चाललो. घरी जाऊन झोपलोसुद्धा.

पहाटे वस्ती देवळापुढं जमली. आधी दिव्यांची प्रार्थना आणि गाणी व्हायची, आणि आठ वाजता चांदवडहून मोटारीनं पाळक येऊन प्रभुभोजन द्यायचे. दिवेवाले दिवे घेऊन उभे, भाकरवाले फडक्यात भाकर घेऊन उभे. दार बंद. आणि दारापुढं सगुणाबाई, धुतलेलं पांढरं लुगडं नेसलेल्या, रिकाम्या हातानं.

"किल्ली कुठंय?" भास्कररावांनी विचारलं.

"घावंना," सगुणाबाई म्हणाल्या.

माणसांत एक लाट सरकल्यासारखी झाली. मी पुढं झालो. होय, मी. सगळ्या गर्दीत पुढं होणारा मीच. "मी दिलीय," मी म्हणालो. "पाटीवर आहे."

मास्तरांनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पाटीवर आहे," ते म्हणाले. "कुणाच्या हातात दिलीत?"

"त्यांच्या... घरी दिली."

सगुणाबाई मान खाली घालून मला म्हणाल्या, "म्या सांजचं तुमच्या दारात आले व्हते मास्तर, तर कुलूप. मंग शाळंच्या शिपायानं पाटी वाचून दावली. लिवलंय म्हनल्यावर खोटं कसं आसंल? म्हनलं सुनंपाशी दिली आसंल, ती इसरली आसंल. समदं घर उलथंपालथं केलं. पिठाचा डबा वतला, गोधडी उसवली. घावली नाय. माझ्याच घरात कुटंतरी हाय ती."

"घरात किल्ली सापडत नाही, आणि हिला देवळाचं दार!" भास्करराव म्हणाले. मागं कुणीतरी हसलं. सून सासूच्या मागं उभी होती, ती रडायला लागली.

आणि त्याच वेळी माझा हात सवयीनं कोटाच्या खिशात गेला. आत मित्राची तपकिरीची डबी होती. माझ्या खिशात तपकीर कधीच नसते. माझ्या खिशात असते... किल्ली.

त्या क्षणी तोंड उघडायला हवं होतं. तोंडाशिवाय बाकी सगळं हललं. पाय मागं सरकले, हातानं सायकल धरली. "पाळकांची मोटार आली का बघून येतो," असं काहीतरी पुटपुटलो. निघताना कानावर पडलं ते भास्कररावांचं "कुलूप फोडा", आणि मास्तरांचं शांत, कोरडं, "पाळक आठला येतील, तोवर दार बाईंच्या पाळीत आहे. आठ वाजले की फोडा."

देवळालीची वाट तेवढी लांब मला पुन्हा कधी लागली नाही. दर पायडलला एक हिशेब चालला होता. किल्ली गुपचूप आणायची, गवतात टाकायची, 'ही काय, इथं पडली होती' म्हणायचं. की सुनेच्या हातात सरकवायची? हे विचार मला सुचले, हे आज लिहितानाही कान गरम होतात. कॅम्पाच्या तोंडाशी पोचलो तर गोरे सैनिक ईस्टरच्या उपासनेला रांगेनं निघालेले आणि रस्ता अडवलेला. बूट आपटत एक तुकडी गेली, दुसरी गेली. रस्ता अडवून उभ्या असलेल्या शिपायाला म्हटलं, "जाऊ द्या हो, देवळाचं काम आहे." तो म्हणाला, "त्यांचंही तेच आहे."

कादरभाई नुकते दुकान उघडत होते. "मास्टरसाब, कोट सोमवारी सांगितला होता."

"कोट नको, खिसा पाहिजे."

"खिसा तर चांगला आहे, फाटलंय कोपर." मग माझा चेहरा बघून त्यांनी खुंटीकडे बोट केलं. वीतभर लांबीची ती लोखंडी किल्ली तिथं लटकत होती. "एवढी मोठी चावी! मी समजलो, साहेबांच्या खजिन्याची आहे."

मी परत पोचलो तेव्हा आठाला दहा कमी असतील. लांबूनच गाणं ऐकू आलं. मास्तरांनी कुणालाही घरी जाऊ दिलं नव्हतं. दार बंद तर बंद, गाण्याची पाळी होती त्यांनी पायऱ्यांवर उभं राहून गायलं, दिवेवाल्यांनी दिवे ओट्यावर लावले होते आणि ते आता उन्हात फिके जळत होते. सगुणाबाई मात्र होत्या तिथंच, दाराला पाठ लावून, दोन तास. सुनेखेरीज कुणी त्यांच्या शेजारी उभं नव्हतं. दोन पावलांवर मास्तर, हात पाठीमागे. आणि पायरीखाली एक माणूस पहार घेऊन बसला होता.

मी मागून गेलो आणि हळूच किल्ली मास्तरांच्या पाठीमागच्या हातांत सरकवायला लागलो. ती बोटं मिटली. मुठी झाल्या.

"माझी पाळी नाही," मास्तर मागं न बघता म्हणाले.

"सर, तुम्ही द्या त्यांना. मी नंतर सगळं सांगतो."

"नियम काय आहे? जुन्यानं नव्याच्या हातात."

ते अंतर जेमतेम चार हात होतं. मास्तरांच्या हातानं मोजलं तरी चारच. मी ते चाललो. गाणं थांबलं. मी किल्ली पुढं केली आणि म्हणालो, "किल्ली माझ्या कोटात होती. कोट देवळालीला होता. मी दिलीच नव्हती. नुसतंच लिहिलं होतं."

सगुणाबाईंनी किल्ली घेतली नाही. आधी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता चार शब्द ऐकायला मिळतील, आणि मिळाले असते तर बरं वाटलं असतं.

"म्हंजी माझ्या घरात नव्हतीच ना?" त्या म्हणाल्या.

"नव्हती."

त्यांनी सुनेकडे वळून पुन्हा म्हटलं, "आपल्या घरात नव्हतीच गं ती." मग किल्ली घेतली, पदरानं पुसली आणि दार उघडलं.

पण माणसं आत सरेनात, कारण भास्करराव उंबऱ्यापाशी आडवे उभे होते. "चूक कुणाचीही असो," ते म्हणाले, "पाळी चुकली. अट अट आहे. लोटा आणा."

सगळे मास्तरांकडे बघायला लागले. मला वाटलं, आता कोरहाचा वंश निघेल, गथचा उपरा निघेल. मास्तर म्हणाले, "बरोबर आहे. पाळी चुकली." त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. कितीतरी वर्षांचं काम त्या दोन शब्दांत त्यांनी खाली ठेवलं. मग म्हणाले, "पण लोटा माझ्याकडे नाही. या खेपेला त्याची चिठ्ठी तुमच्या घरी गेलीय, भास्करराव."

भास्कररावांनी मागं वळून बायकोला म्हटलं, "जा, घेऊन ये."

राहेलबाई जागच्या हलल्या नाहीत. या बाई मोठ्यानं बोललेल्या वस्तीत कुणी ऐकल्या नव्हत्या.

"मी नाही देणार," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पुढच्या महिन्यात माझी दिव्यांची पाळी आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून या देवळात येते, शेवटच्या बाकावर बसते आणि उठून घरी जाते. पहिल्यांदा माझ्या नावाची चिठ्ठी आलीय, तुमच्या नावाची नाही. दिवे मी घासून ठेवलेत. लोटा कुठं ठेवलाय ते मी सांगणार नाही. शोधा घरभर. पिठाचा डबा ओता."

पंचांपैकी दोघं खोकले. भास्करराव बायकोकडे बघत राहिले, बायको दाराकडे. मग राहेलबाई पुढं झाल्या, नवऱ्याच्या बाजूनं वाट काढून उंबऱ्याशी आल्या आणि सगुणाबाईंना म्हणाल्या, "बाई, येऊ का आत?"

"या," सगुणाबाई म्हणाल्या.

मागून सगळी वस्ती आत गेली. भास्कररावही गेले, सगळ्यांत शेवटी. लोटा नंतर कुणी मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांकडे गेलो आणि म्हटलं, "सर, माझी चिठ्ठी लोट्यातून काढून टाका."

"चिठ्ठी काढायला पन्नाशी यावी लागते," ते म्हणाले. "नुसता मूर्खपणा पुरत नाही."

पुढं दोन-तीन वर्षांनी मास्तर निवृत्त होऊन सटाण्याला लेकीकडे राहायला निघाले. त्यांना पोचवायला आम्ही मोटारीच्या अड्ड्यावर जमलो होतो. भास्करराव आले होते, राहेलबाई भाकरीचं गाठोडं घेऊन आल्या होत्या. सामान बांधायची, पेटी टपावर चढवायची जबाबदारी मी हौसेनं घेतली होती. मास्तर आत बसले, कोपर टेकून खिडकीची रुंदी हातानं मोजली आणि "दीड," म्हणाले. त्यांचे केस पार पांढरे झाले होते. मोटार घरघरायला लागली तसा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, तळवा वर करून माझ्याकडे.

मला भडभडून आलं. एवढ्या वर्षांत त्या माणसानं कुणापुढं हात केलेला मी बघितला नव्हता. मी तो हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि म्हणालो, "सर, माझ्याकडून जे काही चुकलं असेल..."

"ते राहू द्या," मास्तर म्हणाले. "माझ्या पेटीची किल्ली द्या."

ती माझ्या खिशात होती. मी काढून दिली. मोटार हलली, हात आत गेला, आणि धुरळ्यात काळी टोपी तेवढी दिसत राहिली. माझ्या शेजारी सगुणाबाई उभ्या होत्या. त्यांनी आधी मोटारीकडे बघितलं, मग माझ्या कोटाकडे.

"राहेलबाई," त्या म्हणाल्या, "ह्या मास्तरांच्या कोटाला खिसंच ठिवू नगं म्हनावं शिंप्याला."